परतीची तारीख

माझं काम काय, असं गावात कोणी विचारलं की ‘कॉम्प्युटरचं काहीतरी’ म्हणून मी मोकळी होते. समजावून सांगता सांगता जीव जातो. पण इथे सांगायलाच हवं.

एखाद्या संस्थेची माहिती कॉम्प्युटरमध्ये तक्त्यांत भरलेली असते. हल्ली त्या माहितीतून उत्तरं काढायला आणि निरोप धाडायला एआय एजंट बसवतात. पण कुठल्या तक्त्यात काय आहे, कुठल्या रकान्याचा अर्थ काय, हे त्या एजंटाला कुठून कळणार? म्हणून त्याच्या हाताशी एक साधन देतात. एजंट विचारतो, हा रकाना कसला? साधन सांगतं. ते जे सांगतं, ते शब्द मी लिहिते. कंपनी पुण्याची, मी विजयदुर्गाजवळच्या आमच्या घराच्या पडवीत, कारण आत रेंज येत नाही.

कंपनीला आमच्याच किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार सोसायटीचं काम मिळालं आणि ते साहजिकच माझ्या गळ्यात पडलं. त्यात फेऱ्यांचा तक्ता होता. बोट कुठली, तिला नेणारा तांडेल कोण, निघाल्याची तारीख, परतीची तारीख. बाकीचं लिहून झालं आणि परतीच्या तारखेपाशी मी अडले. बऱ्याच फेऱ्यांपुढे तो रकाना रिकामा होता. बहुतेक ठिकाणी क्लार्क भरायला विसरला होता. पण सगळ्याच ठिकाणी नाही. त्या रिकाम्यांत एक फेरी माझ्या बाबांची होती.

मी शाळेत असताना बाबा वादळात सापडले. बोटीची एक फळी खाडीत लागली, बाबा नाही लागले. त्यांची आई, माझी आजी, म्हणाली, “येतलो तो.” झालं. त्यापुढे घरात कोणी ब्र काढला नाही. आई कुंकू लावत राहिली. सोसायटीतली माणसं आजीला ओळखून होती, त्यांनीही नोंद तशीच ठेवली. आजी वारली, तिचं वर्षश्राद्ध झालं, तरी तो रकाना तसाच.

मी पुण्याच्या साहेबांना कळवलं की या रकान्याचा अर्थ सोसायटीला विचारल्याशिवाय लिहिता येणार नाही. पण पुणेकरांना केवढी घाई! त्यांनी तेवढ्यात एजंटाची चाचणी सुरूही केली.

नारळी पौर्णिमा होऊन बोटी पुन्हा दर्यात जायला लागल्या होत्या. दुपारी आई कोळंबी सोलत बसली होती. तिचा फोन वाजला. हात धुऊन तिने तो बघितला आणि माझ्यापुढे धरला. सोसायटीकडून निरोप होता, ‘आपल्या नौकेची परतीची नोंद झालेली नाही. कृपया परतीची तारीख कळवावी.’

एजंटाला अर्थ सापडला नाही म्हणून त्याने आपला आपणच लावला होता, रिकामं म्हणजे विसरलेलं. नवा क्लार्क असता तर त्याने शेजारच्याला विचारलं असतं आणि त्याचा चेहरा बघून जीभ चावली असती. याला चेहरे कुठून दिसणार?

मी पुण्याला फोन लावला आणि साहेबांना फाडून खाल्लं. ते चपापले, माफी मागितली, निरोप थांबवले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, “मॅडम, जुनी फेरी असेल आणि तारीख नसेल तर मयत, असं लिहून टाका ना. एका ओळीत प्रश्न मिटेल.”

“तुमच्या घरातलं माणूस आहे का ते?” मी ओरडले आणि फोन ठेवला. त्याच रागात वर्णन लिहिलं, ‘तारीख नसेल तर माणूस दर्यावर आहे असं समजावं. निरोप पाठवू नये.’ लिहिल्यावर बरं वाटलं. बाबांना मी सांभाळलं, असं वाटलं.

“काय लिवलंस?” आईने विचारलं. मी वाचून दाखवलं. तिने कोळंबीचं ताट बाजूला सारलं.

“दर्यावर,” ती म्हणाली. “आणि किती वर्सां ठेवतलंस तेंका थंय?”

“आये, अगो, तुझ्यासाठीच लिहिलं मी ते.”

“माझ्यासाठी नको. माका पहिल्याच वर्सा कळला, ते येवचे नाय. कुंकू मी तुझ्या आजयेसाठी लावलंय. तिच्या डोळ्यांदेखत कशी पुसतलंय?” मग तिचा आवाज फाटला. “दर म्हाळाक सगळ्यांची वाडी काढतंव. तुझ्या आज्याची, पणज्याची. तेंची नाय. जित्या माणसाची वाडी काढतत काय, म्हणान तुझी आजी माझो हात धरी. ती गेली तरी माका धीर झालो नाय. घरात जेवक येणत नाय, मेल्यांच्या पंगतीक कोण बसवणा नाय. उपाशी आसत गो ते.”

म्हाळ म्हणजे आमच्याकडे पितृपक्षातलं श्राद्ध. घरातल्या गेलेल्या प्रत्येकासाठी पानावर जेवण काढून बाहेर ठेवायचं, ती वाडी. इतकी वर्षं ती पानं मीच धुऊन मांडत होते आणि मला हे कधी सुचलंच नव्हतं. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. तिच्या हातांना कोळंबीचा वास होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सोसायटीत गेलो. बाबांच्या नावापुढे काय लिहायचं ते आईने उभं राहून सांगितलं आणि क्लार्ककडून लिहून घेतलं. कुंकवाचं मी तिला काही विचारलं नाही. तो तिचा प्रश्न. घरी येऊन मी ते वर्णन खोडलं आणि नवं लिहिलं, ‘तारीख नसेल तर काहीही गृहीत धरू नये. नोंद राहिली असेल, किंवा माणूस परतला नसेल. सोसायटीतल्या माणसाने घरी जाऊन विचारावं. काय लिहायचं ते घरचे सांगतील.’ साहेब म्हणाले, फार लांबलंय. मी म्हटलं, लांबू दे.

भाद्रपदात म्हाळ झाला. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर. आईने या वेळी एक पान जास्त घेतलं आणि त्यावर वडे रचत राहिली. मी ते घरापुढच्या खळ्यात नेऊन ठेवलं, पाणी फिरवलं आणि हळूच म्हटलं, “बाबानू, येवा जेवक.”

“मोठ्यान हाक मार गो,” आई मागून म्हणाली. “लांबसून येवचा आसा तेंका.”