पन्हळीतला बोळा

त्या रविवारी दिवस कलताना आम्ही दोघं नवराबायको कॉम्प्लेक्सच्या गच्चीवर होतो. मी टाकीतून बादली भरून आणायची आन द्वारकानं ती कोपऱ्यात ओतायची, असं चाललं होतं. कोपऱ्यातल्या पन्हळीच्या तोंडात तिनं ब्लाऊजच्या कतरणींचा बोळा दाबून बसवला होता, पाणी खाली जाऊ नये म्हणून. टाच बुडंल एवढं पाणी साचलं तशी तिनं पदराची गाठ सोडून निळीची पुडी काढली, आन धोतराला नीळ द्यावी तसं हातानं ढवळून त्यात घोळवली. सगळा कोपरा निळा झाला. मी म्हटलं, "लोक गच्चीवर पापड वाळवतात, तू गच्चीलाच नीळ देऊन राहिली." ती म्हणाली, "आवं, तोंड कमी चालवा आन बादली आणा." मग लुगड्याला हात पुसत म्हणाली, "आता ह्याला हात लावायचा न्हाई. मी सांगितल्याबिगर बोळा काढायचा न्हाई." मी बरं म्हटलं. खाली उतरलो, टपरीवर एकेक कट चहा घेतला, घरी गेलो. त्या दिवसात दुसरं काहीच विशेष न्हाई. म्हणूनच तो दिवस डोक्यातून निघत न्हाई.

सोमवारी दुपारच्या आत ती गेली. वरच्या मजल्यावर तिचा फॉल-पिकोचा गाळा, खाली माझा मोटार वाइंडिंगचा. वरून मशीनचा आवाज येत होता, तो थांबला. ती मशीन थांबली की मला खाली कळतंय, इतक्या वर्षांची सवय. वर गेलो तर कापडाच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून बसलेली. "छातीत जड झालंय, जरा पडते," म्हणाली. ऑटोत घातली, दवाखान्यात नेली. डॉक्टरनं तिच्या हाताला हात लावला आन माझ्याकडं बघितलं... पुढं सांगण्यासारखं काही न्हाई.

पेपरच्या पुरवणीचे साहेब माझ्याकडं पंखे भरायला आणतात. ते म्हणाले, द्वारकामामीबद्दल लिहा. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मला बसून लिहिणं जमत न्हाई, आन सध्या तर बसणंच जमत न्हाई. वर गच्चीवर मिस्त्री छिन्नी-हातोड्यानं जुना गिलावा काढून राहिलेत. ठोक ठोक चालू असली तरी उठून वर जातो, बंद झाली तरी उठून वर जातो, की बाबा थांबले कामून. पाऊस तोंडावर आलाय. एक ओळ लिहितो आन जिना चढतो. तेव्हा मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

द्वारका अहमदपूरकडच्या खेड्यातली. त्यांचं घर माळवदाचं होतं, म्हणजे लाकडावर माती टाकून केलेलं सपाट छत. आमच्या भागातल्या बायांना माळवद काय असतंय ते सांगावं लागत न्हाई. उन्हाळा सरता सरता वर चढायचं, उगवलेलं गवत मुळासकट उपटायचं, पांढरी माती पसरून चोपायची, पन्हळीतला कचरा काढायचा, मग दोन घागरी पाणी ओतून बघायचं. वर एकानं ओतायचं, खाली एकानं पन्हळीपाशी उभं राहायचं. पोरगी असताना ती खाली उभी राहायची आन तिची आई वरून विचारायची, "आलं का? धार हाय का थेंब?" थेंब म्हटलं की पुन्हा काडी घालून पन्हळ साफ करायची. हे दरसाल. न्हाई केलं तर पाऊस घरात. त्यात कुणाला काही मोठेपणा वाटत नव्हता, भाकरी थापण्यासारखं काम.

मग आमच्याकडं भूकंप झाला आन लोकांना दगडमातीची धास्ती बसली. ज्याला त्याला स्लॅब पाहिजे. धास्ती खरीच होती, त्यात हसण्यासारखं काही न्हाई. पण स्लॅब आला आन लोकांनी एक गोष्ट मनात धरली, की आता सुटलो, आता वर चढायचं काम न्हाई. सिमेंटला काय होतंय. दरसाल माळवदावर चढणारी माणसं शहरात गाळे घेऊन बसली आन गच्चीचा जिना कुठं हाय ते इसरली. आमच्या कॉम्प्लेक्समधले निम्मे लोक असेच खेड्यातून आलेले. गच्चीच्या दाराला कुलूप, कुलपाला गंज, चावी कुणापाशी तर कुणालाच मालूम न्हाई. नांदेडला आलो, आम्ही गाळे घेतले, त्या पहिल्याच उन्हाळ्यात द्वारकानं मला कुलूप तोडायला लावलं. मी म्हटलं, "अगं, हे माळवद हाय का?" ती म्हणाली, "पाण्याला काय ठाऊक, खाली माती हाय का सिमेंट?"

तेव्हापासून दरसाल ती वर आन मी खाली. सगळ्या पन्हळी ती साफ करायची. प्लास्टिकच्या पिशव्या, पतंग, कबुतराची घाण, एकदा तर कुणाची चप्पल निघाली. मी खाली पाइपापाशी मान वर करून उभा. रस्त्यानं जाणारे विचारायचे, मामा, काय पडलं का वरून? ती वरून बादली ओतायची. मी ओरडायचो, "आलं." ती विचारायची, "धार हाय का थेंब?" मी कंटाळून कधी थेंबाला धार म्हटलं तर तिला वरच्या वर कळायचं. "तुमच्या आवाजात धार न्हाई," म्हणायची.

पण पन्हळी साफ करणं एका बाईच्या हातचं होतं, बाकीचं नव्हतं. पाण्याची टाकी रोज भरून वाहायची, तिचा कॉक कुणी बदलत नव्हतं. वाहिलेलं पाणी त्या एका कोपऱ्यात मुरायचं. त्या कोपऱ्यातला गिलावा फुगला, मग तडकला, मग द्वारकाच्या गाळ्यात भिंतीला ओल आली. तिच्याकडं ब्लाऊज शिवायला एक इंजिनियर मॅडम यायच्या. त्यांनी ओल बघितली आन समजावून सांगितलं, की आत पाणी गेलं की गज गंजतो, गंजला की फुगतो, फुगला की काँक्रीट फोडतो. आज वरचा थर दुरुस्त करून भागतंय, उद्या गज उघडा करावा लागंल, परवा कॉलमला नवं अंग चढवावं लागंल, आन दर पायरीला खर्च मागच्यापेक्षा लई मोठा. मला हे पटायला वेळ लागला न्हाई. माझा धंदाच तो हाय. बेअरिंग आवाज करायला लागलं की लोक टीव्हीचा आवाज वाढवतात, आन मग जळालेली मोटार घेऊन माझ्याकडं येतात. बेअरिंगच्या वक्ताला आलेलं गिऱ्हाईक मी बोटावर मोजंन.

कॉम्प्लेक्समध्येही तेच. दसरा आला की जो तो आपल्या गाळ्यात रंग मारायचा. ओल दिसली की त्यावर डिस्टेंपर, डिस्टेंपर पोपडलं की त्याखाली पीओपीचं छत. पीओपीत लाइटा लावायच्या, फुलं काढायची. वर स्लॅब सडतोय, खाली फुलं. द्वारका दर मीटिंगला उठून उभी राहायची. मीटिंगमध्ये बाई ती एकटीच. बोलायची एकच गोष्ट, की गच्चीचं काम सगळ्यांनी मिळून करा, दरसाल थोडं थोडं करा. आन दर मीटिंगला नागनाथ शेठ तिला अडवायचा. नागनाथ शेठ म्हणजे खालच्या मजल्यावरचा कापड दुकानवाला, लग्नाचा बस्ता बांधायला लांबलांबून लोक येतात त्याच्याकडं. मनाचा वाईट न्हाई, पण जिभेला हाड न्हाई. म्हणायचा, "मामी, गच्ची वरच्यांच्या डोक्यावर हाय. आमच्या डोक्यावर तुम्ही हाव. तुम्ही गळायला लागल्या की आम्ही बघू." सगळे हसायचे. मीही एकदा हसलो, तर घरी मला दोन दिवस बिनतिखटाची भाजी.

म्हणून ती नीळ. मॅडमच म्हणाल्या होत्या, पाणी कुठं मुरतंय ते बघायचं तर कोपऱ्यात साचवून त्याला रंग द्या, जिथं निघंल तिथं कळंल. द्वारकाला वाटलं होतं, निळं पाणी तिच्याच भिंतीला निघंल आन मग मीटिंगमध्ये सगळ्यांना वर नेऊन दाखवता येईल. तिला एवढंच पाहिजे होतं. पावसाच्या आधी एकदा सगळ्यांनी वर चढून बघावं. तिच्या हयातीत एक माणूस चढला न्हाई.

ती गेल्यावर मी दुकानाकडं फिरकलो न्हाई. घरात पाहुणे, सुतक, येणंजाणं. लोक म्हणायचे, मामा, बसा, आराम करा. मी अंगणात येरझाऱ्या घालायचो. डोक्यात दुसरं काही नव्हतं, फक्त बोळा. बोळा तिथंच हाय, टाकी रोज वाहत असंल, पाणी साचून राहिलं असंल... काढावा का? आन दुसऱ्या बाजूनं ती म्हणालेली, मी सांगितल्याबिगर काढायचा न्हाई. आता सांगायला कोण येणार? कुणाला बोललो न्हाई. बायको मेली आन म्हातारा गच्चीतल्या चिंधीचा विचार करून राहिला, असं म्हणले असते.

तेरवीला नागनाथ शेठ आला. आपल्याकडं दुखवटा करतात तसा टॉवेल-टोपी घेऊन आला. माझ्याजवळ बसला आन म्हणाला, "मामा, मामीसंगं भांडायची सवय लागली होती बघा. आता मीटिंगला जाऊन काय करू?" त्यानं टोपी उघडून माझ्या डोक्यावर ठेवायला हात वर केला, आन मी त्याचा हात धरला. टोपीच्या कडेला निळा डाग होता. रुपयाएवढा. मी म्हटलं, "शेठ, हे काय?" तो ओशाळला. "नीट बघून घेतली न्हाई हो मामा, गडबडीत वरची उचलली. बदलून देतो." मी म्हटलं, "बदलू नको. डाग कशाचा ते सांग." तो म्हणाला, "काय की. चार दिवसांपासून पीओपीतून निळंनिळं ठिबकून राहिलंय. टोप्यांचा अख्खा गठ्ठा गेला. वायरमनला बोलावलं, तो म्हणतो वायरीतून निळं कुठं येतंय का."

तेरवीच्या मांडवात मी हसलो. लोक बघायला लागले. पोरीला वाटलं बापाचं डोकं फिरलं. हसता हसताच डोळ्याला धार लागली, आन मी शेठला म्हटलं, "उठ. चल माझ्यासंगं." त्याला घेऊन तसाच ऑटोत बसलो. वाटेत त्याला काही सांगितलं न्हाई. कॉम्प्लेक्सला आलो, जिना चढलो, गच्चीचं दार उघडलं. कोपऱ्यात निळं पाणी होतं. उन्हानं आटायचं, टाकीनं भरायचं, फिकं झालं होतं पण निळंच. शेठ कठड्याला धरून उभा राहिला. वरच्या गाळ्यावरून, भिंतीच्या पोटातून, कॉलमच्या कडेनं पाणी थेट त्याच्या पीओपीवर उतरलं होतं, येताना बघितलेल्या द्वारकाच्या भिंतीला निळीचा टिपका न्हाई. तो म्हणाला, "हे मामीनं केलं?" मी म्हटलं, "हाव." तो म्हणाला, "म्हणजे मामी माझ्याच डोक्यावर गळली." त्याला हसायचं होतं, जमलं न्हाई. मग फोन काढून तिथूनच एकेकाला लावायला लागला. "वर ये. आत्ता. गिऱ्हाईक बसू दे." दिवस मावळायच्या आत अर्धं कॉम्प्लेक्स गच्चीवर उभं होतं. कुणी चप्पल काढून कोपऱ्यात पाय बुडवून बघत होतं, कुणी आपला गाळा खाली नेमका कुठं येतोय ते पावलानं मोजत होतं. कोपऱ्यात तडकलेल्या जागी उघड्या पडलेल्या गजाला हात लावला तर गंजाचा पापुद्रा हातात येत होता. मॅडमला बोलावून काम सुरू करायचं तिथंच ठरलं. खालच्यांनी वरच्यांनी खर्च सारखाच उचलायचा, हेही शेठनंच सांगितलं, आन त्याला अडवायला मीटिंगमध्ये दुसरा नागनाथ शेठ नव्हता.

जाताना तो म्हणाला, "मामा, तेवढा बोळा काढा की. माझ्या दुकानात गळून राहिलंय." मी वाकलो. पाण्यात हात घातला, बोळ्याला बोटं लागली. आत घट्ट दाबलेला, कडेला अंगठ्यानं चेपल्याचा खड्डा अजून तसाच. मला काढता आला न्हाई. म्हटलं, "उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानं उघडायच्या आधी मी गेलो. डोक्याला तीच टोपी घातली होती. शेठ शटरपाशी उभाच होता, त्याला पाइपाखाली थांबायला सांगितलं आन वर गेलो. पाण्याजवळ बसलो. कुणी काही सांगितलं न्हाई, तरी मी बोळ्यात बोटं रुतवली आन ओढला. हिरवी, लाल, जरीची कतरण, सगळी निळी पडलेली. पाणी आधी थबकलं, मग गोल फिरलं, मग जायला लागलं. मी बोळा पिळून छातीपाशी धरला. खालून शेठ ओरडला, "आलं मामा, आलं."

मी कठड्यावरून वाकलो आन विचारलं, "धार हाय का थेंब?"