आधी पाणी, मग चहा

दिल्लीत बदली झाली तेव्हा वाटलं होतं, आता निवांत प्रयोगशाळेत बसायचं. कसलं काय, पहिल्याच महिन्यात मला हद्दीवर धाडलं. नदी एक, राज्यं दोन. दोघांनी एकाच जागी, एकाच वेळी पाण्याचा नमुना घ्यायचा आणि केंद्राचं माणूस म्हणून मी मधे उभं राहायचं, म्हणजे उद्या भांडण नको.

तिथल्या घाटाला नव्या पायऱ्या बांधल्या होत्या. पोहायला, होड्यांना तो उघडायचा होता. ‘स्नान के लिए उपयुक्त’ असा बोर्डसुद्धा रंगवून भिंतीला टेकवून ठेवलेला, फक्त आमचा अहवाल यायचा बाकी. काठावरच्या वस्तीतली एक बाई लेकीला मनगटाला धरून उभी होती. पोरीच्या पायांवर फोड आले होते. बाई म्हणाली, “मैडम, बोर्ड लगेगा तो सारे बच्चे कूदेंगे. ठीक से देख लेना.”

मी बघायलाच आले होते. नमुन्याची थर्माकोलची पेटी खालच्या कोरड्या पायरीवर ठेवली. पाणी काळंकुट्ट, वर फेस, ओढणी नाकाला लावूनही वास जाईना. तेवढ्यात वरच्या राज्याचे इंजिनिअर साहेब आले. फोनवर कुणाला तरी “हाँ, मैडम आ गईं” सांगत होते. मग मला म्हणाले, “पहले चाय-पराठा.” ही तिथली रीतच. यजमानांनी खाऊ घातल्याशिवाय बाटली उघडायची नाही. आपल्याकडे तरी चहाला नाही कोण म्हणतं? बसले. पराठ्यावर लोणी, मग आणखी एक पराठा, मग माहेरची चौकशी, मग पुन्हा चहा.

परत येऊन बघते तर माझी पेटी तरंगतेय. कोरडी पायरी पाण्याखाली गेलेली आणि पाणी कसं, तळ दिसावा इतकं नितळ. वरच्या बंधाऱ्याचे दरवाजे उघडले होते, हे कळायला रसायनशास्त्र शिकावं लागत नाही. मी खालच्या राज्याच्या माणसाकडे बघितलं, म्हटलं हा तरी भांडेल. तो दात कोरत हसत होता. त्यालाही घाट उघडायचाच होता. एरवी एकमेकांच्या नावाने बोटं मोडणारे हे दोघे चहावर एक झाले होते. मी पेटी भिजल्याचं कारण दिलं, नमुना घेतला नाही आणि दुसरी तारीख मागितली.

आर. के. पुरमला घरी पोचेपर्यंत डोकं नुसतं तापलं होतं. नवरा म्हणाला, “यार, तू पण ना. कशाला पंगा घेतेस? साफ पाणी होतं, घ्यायचं.”

“सोडलेलं पाणी घेऊ? माझी आई लहानपणी गावच्या विहिरीपाशी ताटकळत उभी राहायची. हात लावायचा नाही. कुणी वरून ओतेल तेव्हा ओंजळ पुढे करायची. शिकून सवरून मीही तेच करू? कुणी वरून सोडेल तेव्हाच घेऊ?”

दिल्लीत वाढलेली आमची लेक मधेच म्हणाली, “मम्मा, ओंजळ मतलब?”

मी दोन्ही तळवे जुळवून, खोलगट करून दाखवले. तिने तसेच करून पाहिले आणि म्हणाली, “इसमें तो सब गिर जाएगा.”

पुढच्या तारखेला साहेब पुन्हा हजर. “पहले चाय.”

“पहले पानी,” मी म्हटलं आणि सलवार वर ओढून गुडघाभर पाण्यात उतरले.

“मैडम, हमें बुरा लगेगा.”

“लगने दीजिए.”

संयुक्त म्हणजे संयुक्त. मी पाण्यात, तर त्या दोघांनाही बूट काढून उतरावं लागलं. नाकं मुरडत उतरले. त्याच काळ्या पाण्याने बाटल्या भरल्या, तिघांनी सह्या केल्या. मग मी वर जाऊन पराठे खाल्ले. गार झाले होते, तरी पोटभर खाल्ले. अन्नावर कसला राग?

निघताना त्या बाईला सगळं समजावून सांगितलं, चहाचं आणि दरवाजांचं. “मेरी जगह कोई और भी आए, तो भी देखना. चाय से पहले.”

अहवाल आला: आंघोळीस अयोग्य. आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून झापलं. शिष्टाचार कळत नाही, म्हणाले, पुढच्या वेळी दुसऱ्याला पाठवतो. खुशाल पाठवा, म्हटलं.

पाठवला. परत आला तो माझ्यावरच भडकलेला. त्याला म्हणे चहापर्यंत जाऊच दिलं नाही. वस्तीतल्या बायका त्या खालच्या कोरड्या पायरीवर पोरांना घेऊन बसल्या होत्या. इंजिनिअर साहेबांनी हात जोडले, दम दिला, पण एकही उठली नाही. पाणी अंगावर सोडायचं तर सोडा, म्हणाल्या, आम्ही इथेच आहोत. पहले पानी.