ठाकूरद्वारला स्पॅनिश शिकताना

जैतापूरच्या बंदरावर मी शेवटची नक्कल केली ती बोटीच्या भोंग्याची. इतकी झकास जमली की अर्धे पॅसेंजर वळकट्या उचलून पडावाकडे पळत सुटले आणि खरी बोट अजून क्षितिजावर ठिपक्याएवढीसुद्धा नव्हती. तुम्ही सगळे पोट धरून हसलात. वडील, म्हणजे आमचे अण्णा, तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "नकला पुरे. सहा महिन्यांत परमनंट झालास तर राहा मुंबईत. नाही तर दुकानाची गादी मोकळीच आहे."

राजापूरकर मंडळी, त्या सहा महिन्यांत मी काय उद्योग केले ते आज लिहितोय.

ठाकूरद्वारच्या चाळीत मामांकडे उतरलो. फोर्टात एका जहाज एजंटाच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून चिकटलो. टेम्पररी. तिसऱ्या महिन्यात साहेबांनी विचारलं, दक्षिण अमेरिकेची एक बोट येणार आहे, खलाशी सगळे स्पॅनिश बोलणारे, इथे कोणाला येतं का? सगळे टेबलाखाली बघायला लागले. मी म्हटलं, "मी शिकतो साहेब!" मला तेव्हा स्पेन नकाशात कुठे असतो तेही नीट माहीत नव्हतं. पण नकलाकाराला काय, एकदा ऐकलं की झालं! परमनंट व्हायची दुसरी वाट तरी कुठे होती?

मामा भडकले. रोज पहाटे ते संयुक्त महाराष्ट्राच्या प्रभातफेरीला जात. घोषणा देऊन देऊन घसा पार बसलेला. त्याच बसक्या घशानं म्हणाले, "शाबास! इथे लोक मराठी राज्यासाठी लाठ्या खातायत आणि आमचे भाचे स्पॅनिश शिकतायत!"

"मामा, राज्य आलं की परदेशी पाहुण्यांना सांगायला कोणी नको?"

"आधी येऊ दे तर खरं, माकडा!" असं म्हणाले, पण गुरू त्यांनीच शोधून दिला. खोताच्या वाडीतले बस्त्यांव अंकल. वीस वर्षं अर्जेंटिनाच्या बोटींवर खानसामा होते, आता निवृत्त. वही बघितल्याबरोबर ती बाजूला फेकून त्यांनी माझ्या हातात सुरी दिली. "कांदो काप आनी बोल. हातान काम केलां की तोंड आपसूक चालता."

असा माझा वर्ग. कांदा म्हणजे सेबोया, पाणी म्हणजे आगुआ, उद्या म्हणजे मान्याना. अंकल जे बोलत ते मी जसंच्या तसं उचलत होतो. त्यांचा खोकला, कमरेवरचा डावा हात, वाढायचा डाव रोखून डोळे वटारणं, बोटीवर जेवायला आलेल्या खलाशांना भरायचे तो दम, सगळं. चाळीच्या गॅलरीत प्रयोग केला की लोक टाळ्या वाजवत. मामी तर बाजारातून आल्यावर म्हणायची, "सेबोया महाग झाला गो बाई."

तिकडे राजापुरात मी तोंड उघडलं की लोक ओळखत, हा अण्णांचा. इकडे मला कोणी ओळखत नव्हतं आणि मी रोज दुसऱ्याच कोणाचा तरी आवाज काढून मजेत होतो. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

एकदा मी अंकलना विचारलं, ऑफिसरशी कसं बोलायचं? ते म्हणाले, "ऑफिसर जहाजाच्या रांदचेकुडींत कित्याक येता रे? म्हाका ना खबर." म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरात ऑफिसर कधी फिरकलाच नव्हता. मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

बोट आली. शिडी चढून मी आणि साहेब वर गेलो. समोर चीफ ऑफिसर, पांढराशुभ्र युनिफॉर्म. स्वागताचं एक छान वाक्य मी घोकून आलो होतो. तोंड उघडलं आणि बाहेर पडले बस्त्यांव अंकल! डावा हात कमरेवर, आधी खोकला, मग गर्जना, "हात दाखव! धुतलेस? मग बस खाली! आणि ताटात काही टाकलंस तर याद राख!"

सगळं शुद्ध स्पॅनिशमध्ये.

ऑफिसरनं खरंच स्वतःचे तळवे बघितले. मग तो असा हसला की टोपी पडली. खलाशी तर रेलिंगला धरून हसत होते. ऑफिसरला वाटलं, वा, हा तर आपल्यातलाच. आणि तो धडाधड बोलायला लागला. मला ओ की ठो कळेना.

साहेब कानाशी लागले, "काय म्हणतोय?"

थाप मारणं सोपं होतं. कुठलाही आवाज काढून वेळ मारून नेली असती, मी तर त्यातला वस्ताद. पण उद्या बोटीला भलतंच काही पोचलं तर? घशातले अंकल कुठे गेले कोण जाणे. माझाच पोरकट, चिरका आवाज निघाला. तोडकंमोडकं म्हटलं, "हळू. मी नवा. परत सांगा."

तो थांबला. बोटांवर मोजत, एकेक शब्द सुटा करून परत बोलला. आगुआ कळलं. मान्याना कळलं. बाकी त्यानं हातानं तोंडाशी पेला धरल्यासारखं करून दाखवलं.

"साहेब, प्यायचं पाणी हवंय. उद्या. आणखी काहीतरी बोलला, ते नाही कळलं."

ते 'आणखी काहीतरी' त्यानं कागदावर चित्र काढून दाखवलं. दोर होता.

महिनाअखेरीला साहेबांनी कागद हातात ठेवला. परमनंट! म्हणाले, "नाही कळलं तर नाही कळलं म्हणतोस, तेवढं मला पुरे. बाकीचं शिकशील."

शिकतोय. अंकलकडे अजून कांदे कापतो, पण आता माझ्या आवाजात बोलतो आणि भरपूर चुकतो. ते डाव उगारतात, मग जेवायला वाढतात.

परमनंट झालो त्याच संध्याकाळी मी अण्णांना कार्ड लिहिलं. खाली पत्ता लिहिला, चाळ, खोली, ठाकूरद्वार, मुंबई. मामांनी ते पोस्टात टाकायच्या आधी चष्मा लावून तपासलं.

"अरे, माझं नाव राहिलं. 'मामांच्या मार्फत' लिहायचं विसरलास."

मी पेन शोधायला लागलो. मामी चुलीपुढनं ओरडली, "असू दे तसंच! घरातल्या माणसाला कशाला हवं कोणाच्या मार्फत?"

मामांनी चष्मा काढला. कार्ड खिशात घालून ते पोस्टात टाकायला गेले.