मोरांचा चितारी

अठराव्या शतकातल्या एका सरदाराने हौसेने जमवलेल्या चित्रांचं प्रदर्शन आमच्या संग्रहालयात भरलं आहे. चित्रांखालच्या पाट्या मी लिहिल्या. परवा एक आजोबा आणि आजी मोरांच्या चित्रापाशी थांबले. पाटीवर होतं, ‘चित्रकार अज्ञात’. शेजारच्या काचपेटीत सरदाराने कारभाऱ्याला लिहिलेलं मोडी पत्र होतं. अक्षर देखणं दिसलं म्हणून मीच ते तिथे मांडलं होतं.

आजोबा वाकून ते सहज वाचू लागले. “अगं, ऐक. ‘मोरांचे चित्र पावले. भिकाजी चितारी यास शेला द्यावा.’ आणि हे म्हणे अज्ञात!”

“पाटी लिहिणाऱ्याला मोडी येत नसेल हो,” आजी म्हणाल्या. “पण कुणाला तरी विचारायचं ना!”

मी मागेच उभी होते. विचारायला माणसं होती. मला मोडी येत नाही हे कळू द्यायचं नव्हतं, एवढंच. गप्प राहिल्याने कुणाचं काही बिघडत नाही, असं मी आजवर मानत आले. सरदाराला चित्राइतकाच चितारीही आठवला होता. मला फक्त अक्षराचं वळण दिसलं.

“आजोबा, ती पाटी मी लिहिली.”

हे मला दोनदा म्हणावं लागलं. पहिल्यांदा इतक्या हळू म्हणाले, की त्यांना ऐकूच गेलं नाही.