टायपिंग रूममधली नखं

चार बायका, चार टाइपरायटर आणि एक कुरकुरणारा पंखा एका खोलीत कोंडले की किस्से आपोआप साठतात. सत्तरच्या दशकात नाशिकच्या आमच्या सरकारी कचेरीत ते इतके साठले, की नुसत्या नखांचेच वेगळे काढता येतील!

* * *

वसुधाताई आमच्या हेड टायपिस्ट. एकदा टेबल सरकवताना मशीन थेट त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर आलं. नख काळंनिळं झालं. साहेब धावत आले. "ताई, रजा घ्या!"

"का? मी पायानं टाइप करते का?"

पुढे ते नख हलायला लागलं. ताईंनी ओढलं नाही, पट्टी बांधून ठेवली. खालून नवं आलं तसं जुनं आपलं आपण गळालं.

* * *

खरा घोर लावला कुंदाच्या नखानं. कुंदा आमच्यात सगळ्यात लहान, लग्नाची बोलणी चाललेली. तिच्या तर्जनीचं नख टोकाकडून पांढरं पडून सुटायला लागलं. कोणी म्हणे कॅल्शियम, कोणी म्हणे उष्णता. एकीनं तर महारोगाचं नाव काढलं. कुंदाचं जेवण सुटलं. "मुलाकडच्यांना दिसलं तर?" एवढंच ती म्हणायची.

मीच तिला गंगापूर रोडच्या डॉक्टरांकडे नेलं.

"धुणंभांडी फार?"

"नाही."

"नेलपॉलिश?"

"नाही."

"मग नखाखाली कशानं कोरता?"

कुंदानं पदराला टोचलेली पिन काढली. टाइपरायटरच्या अक्षरांत शाई साचली की आम्ही सगळ्या पिनेनं कोरून काढायचो. मशीन झालं की त्याच पिनेनं नखं!

"अहो, ती अक्षरं लोखंडाची आहेत, नखं नाहीत!" डॉक्टर ओरडले. "वाढलेलं नख मशीनवर आपटून सुटलं, वर तुम्ही ते उचकटताय. महारोगबिरोग काही नाही. बारीक कापा, कोरडं ठेवा, कोरू नका. सुटलेलं चिकटत नाही, नवं येईल."

कुंदा दवाखान्याच्या पायरीवरच रडायला लागली. मलाही इतकं हायसं वाटलं, की दोघींनी जाऊन मिसळ खाल्ली.

* * *

त्याच आठवड्यात रविवारी कुंदाला बघायला मुलगा आला. शाळेत खेळ शिकवायचा. सगळ्यांनी पाय धुतले, हा मात्र मोजे घालूनच बसला. त्याची आई डोळे वटारत होती, हा ढिम्म.

कुंदा पोह्यांच्या बशीखाली बोट लपवत आली. मुलानं नेमकं तेच पाहिलं.

"नख सुटलंय का?"

कुंदाच्या आईचा चेहरा पांढराफटक.

"हो," कुंदा म्हणाली.

"माझंही," तो हळूच म्हणाला. "अंगठ्याचं. बूट घट्ट होतात."

कुंदानं बशी खाली ठेवली. "मग ते घामट मोजे काढा आधी!"

सगळ्या थोरामोठ्यांसमोर त्यानं मोजे काढले.