सुमतीचे आमेन

“गियाँ-बारे सिंड्रोम,” डॉक्टर म्हणाले. सावंगीच्या रुग्णालयातला तो आमचा तिसरा दिवस. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच नसांवर उलटते, असा हा आजार. अशक्तपणा पायांतून वर चढत जातो. “श्वासापर्यंत पोहोचला, तर व्हेंटिलेटर लावावा लागेल.”

माझ्या पत्नीच्या, सुमतीच्या, पायांना मुंग्या येत होत्या, तेव्हा मी, शाळामास्तर असूनही, डॉक्टरकडे न नेता तिला जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून दिल्या. चार दिवस वाया गेले. ही चूक आपण करू नये.

चौथ्या दिवशी तिचा आवाज बारीक झाला. “मोठ्याने प्रार्थना करा,” ती म्हणाली, “घरी करता तशी.”

घरी प्रार्थना मी करतो. शेवटचे ‘आमेन’ ती म्हणते. पण आमच्या ओळखीच्या, चर्चच्या एका पाळकांना आजाऱ्याच्या खाटेजवळ प्रार्थना करताना उचलून पोलीस चौकीत नेले होते, धर्मांतराच्या संशयावरून. मी बायबललाही वर्तमानपत्राचे कव्हर घातले होते. शेजारच्या खाटेजवळ नातीला घेऊन आलेल्या हिंगणीच्या दुर्गाबाई एकटक पाहत होत्या. मी ओठांतल्या ओठांत पुटपुटलो.

‘आमेन’ आले नाही. संध्याकाळी तिच्या घशात नळी घातली गेली.

अतिदक्षता विभागाबाहेर दुर्गाबाईंनी चहा आणून दिला. “गुरुजी, बाई एवढी म्हणत होती, तं तुमी काऊन गप्प बसले?”

“तुम्हाला आवडणार नाही, असे वाटले.”

“मले? माह्या आरतीनं अर्धं गाव जागं होते! मी तं वाट पाहून राह्यली होती. म्हटलं, हे माह्या नातीचंही नाव घेतीन.”

भीती खोटी नव्हती. परंतु त्या खाटेजवळ मला कोणीही अडवले नव्हते. नळी घालण्यापूर्वीची सुमतीची शेवटची मागणी मीच नाकारली होती.

“त्यांना सगळे ऐकू येते,” डॉक्टरांनी सांगितले. “उत्तर तेवढे देता येत नाही. पुढचे आज सांगता येणार नाही.”

दुसऱ्या दिवशी भेटीच्या पाच मिनिटांत मी बायबलचे कव्हर काढले आणि स्पष्ट आवाजात प्रार्थना केली. दुर्गाबाईंच्या नातीचेही नाव घेतले. सिस्टरने एकदा वळून पाहिले, मग ती आपल्या कामाला लागली. शेवटी सवयीने मी थांबलो. यंत्राचा श्वास तेवढा चालू होता. ‘आमेन’ मलाच म्हणावे लागले.

दुर्गाबाई दाराशीच उभ्या होत्या. त्यांचे ऋण मी कोणत्या शब्दांत मानावे?

“आयकलं का तिनं?”

“माहीत नाही.”

“मंग उद्या अजून मोठ्यानं म्हणजा.”