पोथी पुरी होईपर्यंत

फिलोमिना मेली, तेव्हा मी भिंतीच्या अलीकडे मोठ्यानं पोथी वाचत होते.

आज मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. तोच दिवस.

सकाळीच तिच्या मुलीचा, लिलीचा, जबलपूरहून मेसेज आला. दर वर्षी येतो. "मौशी, त्या दिवशी तुम्ही मला बसवून ठेवलं म्हणून मी आहे."

मी दर वर्षी हात जोडल्याचं चित्र पाठवते.

आज नाही पाठवलं. नातसून म्हणाली, आजी, मी टाईप करून देते. नको म्हटलं. हे माझ्याच बोटानं लिहायचं आहे.

नागपूरचे अजनीचे रेल्वे क्वार्टर. सत्तर सालानंतरची एक-दोन वर्षं. दोन-दोन खोल्या, मधली भिंत एक, मागचं अंगण एक.

आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा बंद. फिलू ख्रिस्ती, कामठीची. नवरा डेव्हिड रेल्वेत गार्ड.

नाताळ जवळ आला की तो कामठीहून सॉसेज आणायचा. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी विचारलं, "हे काय वं फिलू, वाळलेलं पडवळ?"

"डुकराचं मटन हाये वहिनी, आतड्यात भरलेलं. घालता का देवाले याचा हार?"

मी तोंडाला पदर लावून आत पळाले. ती हसून हसून अंगणात खाली बसली.

तरी वाटी-वाटीचं जाणंयेणं होतं. कोळशाचा चुरा ती फेकून द्यायची. त्यात शेण कालवून गोळे वळायला मीच शिकवलं. एक गोळा तास-तास जळतो.

शेगडी सगळेच बाहेर पेटवायचे. धूर सरला, निखारे लाल झाले, की आत न्यायची. धूर नाही म्हणजे भीती नाही, असंच आम्ही समजत होतो.

फिलू मात्र सॉसेज अंगणातच भाजायची. शेगडीवर जाळी, जाळीवर सॉसेज. चरबी निखाऱ्यावर पडली की चर्र व्हायचं, आणि वास थेट माझ्या देव्हाऱ्यापर्यंत.

त्या गुरुवारी माझ्या महालक्ष्मीच्या व्रताचं उद्यापन होतं. संध्याकाळी सवाष्णी यायच्या होत्या.

मागचं दार उघडलं, तर अंगणात तिची शेगडी फुललेली.

"फिलू, आज नको वं. बायका येऊन राहिल्या."

"डेव्हिड सात वाजता येते वहिनी, पहाटे पुन्हा ड्युटी. बाहेर पटकन होते ना."

"मग आत भाज. खिडकी लाव. दारही लाव."

तिनं शेगडीवरची जाळी उतरवली. मग हसली. "बरं बाई. तुमची लक्ष्मी रुसाले नोको. पन मंग पोरीले तुमच्याकडे ठेवा, आत लय गरम होईन."

तिच्या दाराखाली फट होती. बुजवायला पोतं मीच दिलं.

ओलं करून दिलं.

लिली पाच वर्षांची. माझ्या मांडीला टेकून बसली. पोथी सुरू झाली.

वास येत नव्हता.

अजिबात नाही. मला इतकं बरं वाटलं की मी आवाज चढवून वाचू लागले.

अर्धी पोथी झाली असेल. भिंतीपलीकडे काहीतरी पडलं. भांडं नव्हे. जड काहीतरी.

सवाष्णींमधल्या कमलाबाई म्हणाल्या, "काय पडलं वं तिकडं?"

मी वाचता वाचता हातानंच त्यांना गप्प केलं.

लिली उठली. "मम्मीकडे जाऊ?"

मी तिचा फ्रॉक धरून खाली बसवलं. "पोथी चालू असताना उठत नाहीत. लक्ष्मी निघून जाते."

सासूबाईंनी मला हेच शिकवलं होतं. अर्धी सोडलेली पोथी घराला लागते.

मग दार खरवडल्यासारखा आवाज आला. दोनदा. मांजर असेल, असं मी मनाला सांगितलं.

मनाला सांगावं लागलं, म्हणजे मला कळलं होतं.

पोथी पुरी केली. आरती केली. एकेकीला हळदीकुंकू लावलं. मग प्रसादाची वाटी घेऊन फिलूचं दार वाजवलं.

आतून कडी. हाका मारल्या. शेवटी लाईनीतल्या पुरुषांनी दार फोडलं.

खोलीत धूर नव्हता. निखारे लालबुंद. जाळीवरची सॉसेज खालून कोळसा झालेली, वरून कच्ची. उलटायला कोणी नव्हतं.

फिलू दाराशी पडली होती. एक हात पोत्यावर. गाल गुलाबी. झोपल्यासारखी.

डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत लाल निखाराही जीव घेतो. जाता जाता म्हणाले, "पंधरा मिनिटं आधी उघडलं असतं, तर वाचली असती बाई."

पंधरा मिनिटं. पोथीची उरलेली पानं, आरती आणि हळदीकुंकू. तेवढंच.

सगळे म्हणाले, शेगडीनं घात केला. मीही तेच म्हटलं. कमलाबाई माझ्याकडे पाहत राहिल्या, पण बोलल्या नाहीत. मरेपर्यंत बोलल्या नाहीत.

डेव्हिड सात वाजता आला. पोर आमच्याकडे होती म्हणून वाचली, हे कुणीतरी सांगितलं, तसा तो माझ्या पाया पडला.

मी पाय मागे घेतले नाहीत.

लिली, तू वाचलीस हे खरं आहे. पण तू उठली होतीस, आणि तुला मी खाली बसवलं. पडल्याचा आवाज मी ऐकला होता. खरवडणंही ऐकलं होतं.

देवाशी काय ते मी बघून घेईन. तो हिशेब तुझ्यावर टाकत नाही. पण जे आभार माझे नव्हते, ते मी पन्नास वर्षं घेतले.

यापुढे तू मौशी म्हणशील की नाही, ते तुझ्यावर.

फिलू, आज तुला फूल वाहायचा माझा हक्क नाही. नुसती मान खाली घालते. माफी तुझ्या लेकीकडे मागते आहे, कारण नाही म्हणायला ती हयात आहे.